ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज

ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज : ग्लुकोज-६-फॉस्फेटातील हायड्रोजन काढून तो एनएडीपी (निकोटिनामाइड ॲडेनीन डायन्यूक्लिओटाइड फॉस्फेट) या सहएंझाइमाकडे सोपविणारे एंझाइम (जीवरासायनिक विक्रियांचा वेग वाढविणारे प्रथिन). प्राणी, वनस्पती व बहुतेक सूक्ष्मजीव यांच्या कोशिकांत (पेशींत) ते आढळते. ओटो वॉरबुर्ख व व्हाल्टर क्रिस्तिआन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९३१ साली तांबड्या रक्तकोशिकांत त्याचा शोध लावला. मानवातील या एंझाइमाची न्यूनता ही जगातील सर्वाधिक आढळणाऱ्या एंझाइम-न्यूनतांपैकी एक असून ती सु. ४० कोटींहून अधिक लोकांत असावी, असा अंदाज आहे. महाराष्ट्रात चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या दृष्टीने या एंझाइमाला विशेष महत्त्व आहे. तेथे हिवताप दीर्घकाळ ठाण मांडून आहे, हिवतापासाठी प्रिमाक्वीन हे औषध द्यावे लागते, आणि ज्याच्या रक्तात हे एंझाइम दुबळे आहे त्याला तेच औषध अपायकारक ठरू शकते.

कार्य : ग्लुकोजाच्या विघटनाचा नेहमीचा मार्ग ऊर्जा मिळविण्याचा आहे. त्याला फुटणारी एक आडवाट पेंटोज फॉस्फेट मार्ग या नावाने ओळखली जाते आणि प्रस्तुत एंझाइम त्या वाटेच्या अगदी तोंडाशी उभे असते. ग्लुकोज-६-फॉस्फेटाचे ६-फॉस्फोग्लुकोनोलॅक्टोनात रूपांतर करताना ते एनएडीपीचे क्षपण (हायड्रोजन स्वीकारण्याची क्रिया) करते व एनएडीपीएच हे क्षपित रूप तयार होते. वसाम्लांच्या संश्लेषणासाठी यकृतास व मेदपेशीजालास एनएडीपीएच लागते. तांबड्या कोशिकेत मात्र त्याचे काम संरक्षणाचे असते. हीमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेत असताना हायड्रोजन पेरॉक्साइडासारखी तीव्र ऑक्सिडीकारक द्रव्ये सतत थोड्या प्रमाणात निर्माण होतात. ग्लुटाथायोन हे संयुग ती निष्प्रभ करते व स्वतः ऑक्सिडीभूत होते. त्याला पुन्हा मूळ रूपात आणण्यासाठी एनएडीपीएच खर्ची पडते.

इतर कोशिकांना एनएडीपीएच मिळविण्याचे आणखीही मार्ग असतात. तांबड्या कोशिकेत केंद्रक नाही, कलकणू (ऊर्जानिर्मिती करणारे कोशिकेतील सूक्ष्म घटक) नाहीत आणि नवे प्रथिन तयार करण्याची सोयही नाही. जन्मतः मिळालेल्या एंझाइमाच्या शिदोरीवर तिला सु. १२० दिवस काढावयाचे असतात. म्हणूनच शरीरातील सर्वच कोशिकांतील एंझाइम सदोष असले, तरी त्याची झळ प्रथम व मुख्यतः तांबड्या कोशिकांना लागते.

न्यूक्लिओटाइडांवरून स्थिती ओळखणारी एंझाइमे : कोशिकेची ऊर्जास्थिती ही तिच्यातील न्यूक्लिओटाइडांच्या परस्पर प्रमाणांत लिहिलेली असते व काही एंझाइमे ती जणू वाचतात. याचे अलीकडे पुष्कळ अभ्यासले गेलेले उदाहरण म्हणजे एएमपी-सक्रियित प्रथिन कायनेज हे होय. या एंझाइमाच्या तीन शृंखलांपैकी गॅमा या शृंखलेत एटीपी व एएमपी यांच्यासाठी सामाईक खोबणी असतात. ऊर्जा खर्च होऊन एएमपी वाढले म्हणजे ते एटीपीला बाजूस सारून खोबणीत बसते, शृंखलांची परस्परांतील मांडणी बदलते आणि अल्फा शृंखलेवरील सक्रियतेसाठी आवश्यक असा फॉस्फेट गट तोडला जाण्यापासून सुरक्षित राहतो. असे चेतलेले एंझाइम मग वसाम्लांचे संश्लेषण थोपविते व त्यांचे ज्वलन वाढविते.

ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज एटीपीच्या नव्हे, तर एनएडीपी व एनएडीपीएच यांच्या प्रमाणाला प्रतिसाद देते. ही दोन्ही रूपे एकाच खोबणीसाठी स्पर्धा करतात. निरोगी तांबड्या कोशिकेत क्षपित रूपाचे प्रमाण फार मोठे असल्यामुळे खोबण बहुधा त्यानेच अडविलेली असते व एंझाइम आपल्या क्षमतेच्या अगदी थोड्या अंशानेच, एकदोन टक्क्यांनीच म्हणा ना, काम करीत असते. ऑक्सिडीकारक द्रव्यांचा मारा झाला की एनएडीपीएच खर्च होते, एनएडीपी वाढते, खोबण मोकळी होते आणि विक्रियेचा वेग तत्काळ वाढतो. न्यूनता असलेल्या व्यक्ती एरवी पूर्णपणे निरोगी का दिसतात याचा उलगडा यात आहे. त्यांच्या अंगी नित्याच्या कामापुरते एंझाइम असते. नसते ती अडचणीच्या वेळची राखीव क्षमता.

संरचना व न्यूक्लिओटाइड-बंधन : मानवी एंझाइमाची एक शृंखला ५१५ ॲमिनो अम्लांची असते. एकटी शृंखला निष्क्रिय असते. दोन शृंखलांचे द्विवारिक व चार शृंखलांचे चतुर्वारिक ही सक्रिय रूपे होत. विद्रावाची अम्लता व त्यातील लवणांचे प्रमाण यांनुसार ती एकमेकांत बदलत राहतात. प्रत्येक शृंखलेचे दोन भाग पडतात. आरंभीचा लहान भाग सहएंझाइम धरण्यासाठी असतो. त्याची घडी ही अनेक डीहायड्रोजनेजांत आढळणारी, समांतर पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंस सर्पिले असलेली अशी असून मायकेल रॉसमन यांच्या नावाने ती ओळखली जाते. दुसऱ्या मोठ्या भागात नऊ पट्ट्यांचा एक रुंद पत्रा असतो व दोन शृंखला याच पत्र्यांच्या पाठी एकमेकींना लावून जुळतात. ग्लुकोज-६-फॉस्फेटाची जागा या दोन भागांच्या मधल्या फटीत असते.

एनएडीपी लहान भागात बसते तेव्हा त्याच्या फॉस्फेट गटांचा शेजार ३८ ते ४४ या क्रमांकांच्या सात ॲमिनो अम्लांच्या एका वळणाला लाभतो. ग्लायसीन, ॲलॅनीन, सेरीन, ग्लायसीन, ॲस्पार्टिक अम्ल, ल्यूसीन, ॲलॅनीन असा हा क्रम आहे. तेथे लहान आकाराची ॲमिनो अम्ले असणे हा योगायोग नाही. न्यूक्लिओटाइडाला अंग टेकण्यास जागा मिळावी म्हणून वळण अरुंद असावे लागते. सहएंझाइम व ग्लुकोज-६-फॉस्फेट आपापल्या जागी आले म्हणजे दोन भाग एकमेकांच्या संदर्भात किंचित सरकतात व त्यांना जोडणाऱ्या वळणातील १७२ क्रमांकाच्या प्रोलिनाभोवतीची मांडणी पालटते. त्यामुळे शर्करेचा पहिला कार्बन व सहएंझाइमातील निकोटिनामाइडाचे वलय समोरासमोर येतात. मग २६३ क्रमांकाचे हिस्टिडीन शर्करेतील एक प्रोटॉन ओढून घेते आणि हायड्रोजन इलेक्ट्रॉनांच्या जोडीसह निकोटिनामाइडाकडे जातो. हालचाल अल्प असते. कवाड उघडावे-मिटावे असा देखावा येथे नाही. पण अणूंच्या पातळीवर तेवढे अंतरही निर्णायक ठरते.

या एंझाइमाचे खरे वैशिष्ट्य याहून निराळे आहे. त्यात एनएडीपीच्या रेणूसाठी आणखी एक जागा असते. ती विक्रियास्थानापासून बरीच दूर, मोठ्या भागात, दोन शृंखला जुळतात त्या पृष्ठाजवळ व शृंखलेच्या शेवटच्या टोकाखाली दडलेली असते. तेथे बसलेले एनएडीपी विक्रियेत मुळीच भाग घेत नाही. सुताराने सांध्यात पाचर ठोकावी तसे ते बसते आणि पत्र्याचा व शेवटच्या टोकाचा आकार टिकवून धरते. त्याला संरचनात्मक एनएडीपी म्हणतात. एकच द्रव्य एका जागी कच्चा माल व दुसऱ्या जागी इमारतीचा भाग असावे, हा प्रकार एंझाइमविज्ञानात फारसा आढळत नाही. (तांबड्या कोशिकेतील कॅटॅलेज या दुसऱ्या संरक्षक एंझाइमातही एनएडीपीएच घट्ट बांधलेले असते, असे १९८४ मध्ये दिसून आले.)

पाचर आहे ही शंका जुनी होती. एंझाइमाला घट्ट चिकटलेले एनएडीपी काढून टाकले असता त्याच्या शृंखला सुट्या होतात व सक्रियता नाहीशी होते, हे १९६० च्या दशकातच रसायनशास्त्रज्ञांच्या ध्यानात आले होते. प्रत्यक्ष चित्र मिळण्यास मात्र क्ष-किरण स्फटिकविज्ञानाची वाट पाहावी लागली. ऑक्सफर्ड येथील मार्गारेट ॲडम्स व त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडीझ या सूक्ष्मजंतूच्या एंझाइमाची त्रिमितीय संरचना उलगडली. २००० साली मानवी एंझाइमाच्या कँटन या उत्परिवर्तित (जनुकातील बदलाने पालटलेल्या) प्रकाराची संरचना प्रसिद्ध झाली आणि तीत हे दुसरे एनएडीपी स्पष्ट दिसले. न्यूनतेचे जे प्रकार सर्वांत उग्र असतात, ज्यांत कोणतेही औषध घेतलेले नसतानाही रक्तविलयन (तांबड्या कोशिका फुटण्याची क्रिया) आयुष्यभर चालू राहते, त्यांतील बहुतेक बदल याच जागेच्या व शृंखलांच्या जोडपृष्ठाच्या आसपास गोळा झालेले आहेत, हेही मग उमगले. अमेरिका व जपान येथील संशोधकांनी २०२१ साली दाखविले की, अशा प्रकारांत पाचर निसटली म्हणजे एक सर्पिल व लगतचा पत्रा आपल्या जागेवरून ढळतो आणि त्याचा धक्का दूरवरच्या ग्लुकोज-६-फॉस्फेटाच्या जागेपर्यंत पोहोचतो.

भारतातील प्रकार : या एंझाइमाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषात एक्स गुणसूत्र एकच असल्यामुळे सदोष जनुक आले की न्यूनता पूर्णपणे प्रकट होते. स्त्रीमध्ये प्रत्येक कोशिकेत दोहोंपैकी एकच एक्स गुणसूत्र कार्य करीत असल्याने, एक जनुक सदोष असल्यास, तिच्या रक्तात चांगल्या व दुबळ्या अशा दोन्ही तांबड्या कोशिका मिसळलेल्या असतात व त्यांचे प्रमाण व्यक्तीगणिक वेगळे असते.

भारतातील न्यूनतेचा अभ्यास १९६० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत सुरू झाला व पारशी समाजात तिचे प्रमाण लक्षणीय असल्याचे दिसले. १९८४ साली एका कोळी कुटुंबात आढळलेल्या प्रकारास कल्याण असे नाव देण्यात आले. त्यानंतर १९९२ मध्ये जनुकाचा क्रम तपासला असता कल्याण व केरळ हे वेगळे मानलेले प्रकार एकच ठरले; दोहोंतही ३१७ क्रमांकाच्या ग्लुटामिक अम्लाच्या जागी लायसीन आलेले होते. गावांच्या व प्रांतांच्या नावांवरून प्रकार ठरविण्याच्या तत्कालीन पद्धतीची मर्यादा यातून चांगलीच उघड झाली, तरी नावे मात्र रूढ होऊन बसली आहेत.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रकार ओरिसा हा आहे (राज्याचे नाव २०११ मध्ये ओडिशा झाले, एंझाइमाच्या प्रकाराचे जुनेच राहिले). १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील निरनिराळ्या आदिवासी व नागर गटांत न्यूनतेचे प्रमाण ३ ते १५ टक्के आढळले. आदिवासींमधील बहुतेक न्यूनता ओरिसा या तोवर अज्ञात असलेल्या प्रकारामुळे होती. तपासलेल्या नागर गटांत तो मुळीच नव्हता व तेथे मुख्यत्वे भूमध्यसागरीय प्रकार (१८८ क्रमांकाच्या सेरिनाऐवजी फिनिलॲलॅनीन) होता. ओरिसा प्रकारात ४४ क्रमांकाच्या ॲलॅनिनाच्या जागी ग्लायसीन येते. वर वर्णिलेल्या सात ॲमिनो अम्लांच्या वळणातील हे शेवटचे होय. ॲलॅनीन व ग्लायसीन यांत फरक केवळ एका मिथिल गटाचा, म्हणजे एक कार्बन व त्यासोबतच्या हायड्रोजनांचा असतो. याहून लहान बदल प्रथिनात क्वचितच होऊ शकेल. तथापि तेवढ्याने एनएडीपीची पकड सैल होते. विक्रियेचा निम्मा वेग गाठण्यासाठी या प्रकारास नेहमीच्या एंझाइमाच्या पाचपट एनएडीपी लागते. न्यूनता नेहमी एंझाइमाच्या कमी प्रमाणामुळेच येते असे नाही. रेणू हजर असूनही त्याची खोबण बिघडलेली असू शकते, हे या उदाहरणावरून दिसते.

हिवतापाचा प्रादुर्भाव जेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिला तेथेच ही न्यूनता विपुल आढळते. दुबळ्या तांबड्या कोशिकेत हिवतापाच्या परजीवीची वाढ नीट होत नसल्यामुळे अशा व्यक्तींना उग्र हिवतापापासून काही संरक्षण मिळत असावे व म्हणून सदोष जनुक टिकून राहिले असावे, असे मानले जाते [⟶ हिवताप]. दात्रकोशिका (सिकल सेल) पांडुरोगाबाबतही हेच स्पष्टीकरण दिले जाते. विदर्भात हे दोन्ही दोष आढळत असल्याने त्यांची गल्लत होते. वस्तुतः ते वेगवेगळ्या गुणसूत्रांवरील स्वतंत्र दोष आहेत व एकाच व्यक्तीत दोन्ही असू शकतात. हीमोग्लोबिनाच्या विकारांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे केंद्र चंद्रपूर येथे आहे.

प्रिमाक्वीन व रक्तविलयन : प्रिमाक्वीन घेणाऱ्या काही व्यक्तींच्याच तांबड्या कोशिका का फुटतात, या प्रश्नाचे उत्तर शोधताना शिकागोच्या आल्व्हिंग व त्यांच्या सहकाऱ्यांना १९५६ साली या एंझाइमाची न्यूनता आढळली. हे काम इलिनॉय राज्यातील तुरुंगातल्या कैद्यांवर झाले होते. आजच्या नीतिनियमांत ते बसणार नाही. प्रिमाक्वीन शरीरात गेल्यावर त्याची अशी द्रव्ये बनतात की जी तांबड्या कोशिकेत ऑक्सिडीकारकांचा मारा करतात. एनएडीपीएच वेळेवर न मिळाल्यास ग्लुटाथायोन संपते, हीमोग्लोबिन बिघडून त्याचे गोळे (हाइन्झ पिंडे) बनतात व कोशिका फुटते. औषध सुरू केल्यावर एक ते तीन दिवसांत लघवी काळपट किंवा चहाच्या रंगाची होणे, डोळे पिवळे पडणे, धाप लागणे ही लक्षणे दिसू लागतात.

किती कोशिका फुटतील हे एंझाइमाच्या टिकाऊपणावर अवलंबून असते. सामान्य एंझाइमाची सक्रियता तांबड्या कोशिकेत निम्मी होण्यास सु. ६२ दिवस लागतात. आफ्रिकेतील प्रकारात हा काल सु. १३ दिवस आहे. त्यामुळे जुन्या कोशिका फुटतात, नव्या टिकतात व विलयन आपोआप थांबते. भूमध्यसागरीय प्रकारात तो काही तासांचाच असल्याने नव्या कोशिकाही वाचत नाहीत.

प्रिमाक्वीन टाळता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. प्लास्मोडियम व्हायव्हॅक्स या परजीवीची यकृतात दडून बसलेली सुप्त रूपे मारणारी प्रचारातील औषधे याच कुलातील आहेत. ती रूपे राहिली तर ताप पुन्हा पुन्हा उलटतो. भारतात यासाठी दर किग्रॅ. वजनास ०·२५ मिग्रॅ. प्रमाणे रोज, १४ दिवस, प्रिमाक्वीन देण्याची पद्धत आहे. प्लास्मोडियम फाल्सिपेरम हिवतापात ते इतर औषधांच्या जोडीने एकदाच दिले जाते व तेवढ्याने होणारा धोका बराच कमी असतो. न्यूनता असलेल्या रुग्णास दर किग्रॅ. वजनास ०·७५ मिग्रॅ. याप्रमाणे आठवड्यातून एकदा, आठ आठवडे औषध वैद्यकीय देखरेखीखाली देण्याचा विचार करावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली आहे. क्लोरोक्वीन व आर्टेमिसिनीन वर्गातील औषधे नेहमीच्या मात्रेत या बाबतीत सुरक्षित मानली जातात.

गडचिरोलीच्या अंतर्भागात तापाच्या रुग्णाचे रक्त बहुधा गावातच तपासले जाते व गोळ्याही तेथेच दिल्या जातात. प्रयोगशाळा दूर असते. तेथे एंझाइमाची चाचणी झालेली नसताना १४ दिवसांचा उपचार सुरू होणे संभवते. घुग्घुससारख्या कोळसा खाणी व सिमेंट यांच्या औद्योगिक गावाची अडचण वेगळी आहे. येथे दवाखाना जवळ असतो, परंतु स्थानिक आदिवासींबरोबरच देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कामगार कुटुंबे एका रांगेत असतात. त्यांच्यांत कोणता प्रकार असेल, सौम्य की उग्र, हे रुग्णाच्या जातीवरून वा प्रांतावरून ताडणे योग्य नाही. चाचणी हाच खात्रीचा मार्ग होय, आणि ती शक्य नसेल तेथे लघवीचा रंग बदलताच गोळ्या थांबवून दवाखान्यात यावे, हे रुग्णास त्याला समजणाऱ्या बोलीत, गोंडी वा माडियात, सांगणे आवश्यक ठरते.

परीक्षा : एनएडीपीएच जंबुपार प्रकाशात अनुस्फुरण दाखविते (निळसर प्रकाशते), एनएडीपी दाखवीत नाही. याचा उपयोग करून अर्नेस्ट बॉइटलर यांनी १९६० च्या दशकात एक साधी चाचणी काढली. रक्ताचा थेंब, ग्लुकोज-६-फॉस्फेट व एनएडीपी यांचे मिश्रण गाळणकागदावर टाकून जंबुपार दिव्याखाली पाहतात. डाग प्रकाशला नाही तर न्यूनता समजावी. नेमके मापन करण्यासाठी ३४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण मोजतात. या चाचण्यांत दोन फसव्या जागा आहेत. रक्तविलयन नुकतेच होऊन गेले असेल तर दुबळ्या कोशिका नाहीशा झालेल्या असतात व उरलेल्या तरुण कोशिकांमुळे निष्कर्ष सामान्य येतो. म्हणून काही आठवड्यांनंतर परीक्षा पुन्हा करावी. तसेच मिश्र रक्त असलेल्या स्त्रियांची न्यूनता डागाच्या चाचणीत निसटू शकते.

इतर अपाय : डॅप्सोन हे कुष्ठरोगावरील औषध, नायट्रोफ्युरँटॉइन, मिथिलीन ब्ल्यू इत्यादींनीही रक्तविलयन होऊ शकते. बाळाचे कपडे डांबराच्या गोळ्यांत (नॅप्थॅलिनात) ठेवण्याची सवय अशा नवजात अर्भकास घातक ठरू शकते. त्याची कावीळ वाढून मेंदूस इजा पोहोचण्याचा संभव असतो. भूमध्यसागरी प्रदेशात बाकला (व्हिसिया फाबा) ही शेंग खाल्ल्याने होणारे रक्तविलयन प्राचीन काळापासून परिचित आहे. आपल्याकडचा वाल ही निराळी वनस्पती असून तिचा या विकाराशी संबंध नाही.

संशोधन : न्यूनतेवर आज मूलगामी उपचार नाही, अपायकारक द्रव्ये टाळणे व गरज पडल्यास रक्त देणे एवढेच हाती असते. संरचनेच्या ज्ञानातून मात्र एक नवी दिशा सुचली आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एजी-१ या लहान रेणूचे वर्णन प्रसिद्ध केले. संरचनात्मक एनएडीपीच्या शेजारी, दोन शृंखलांच्या जोडपृष्ठाशी परिणाम घडवून तो द्विवारिकाला स्थैर्य देतो व कँटन प्रकारातील दुबळ्या एंझाइमाची सक्रियता काही अंशी परत आणतो. निसटू पाहणाऱ्या पाचरेला बाहेरून दिलेला हा टेकू होय. खोबणच सैल झालेल्या ओरिसासारख्या प्रकारात तो कितपत उपयोगी पडेल हा स्वतंत्र प्रश्न आहे. एजी-१ला औषध म्हणून मान्यता मिळालेली नाही.